मांडीच्या हाडाचा पीळ

या महिन्याच्या टपालात सेरेब्रल पाल्सी (जन्माच्या सुमारास मेंदूला इजा होऊन स्नायू ताठ राहणं) असलेल्या मुलांच्या पायांबद्दल तीन पत्रं आली. विषय एकच असला तरी तिन्ही घरं वेगवेगळ्या टप्प्यावर उभी आहेत, म्हणून तिन्ही इथं घेते. मी कोल्हापुरात चोवीस वर्षं लहान मुलांची फिजिओथेरपी करते. ऑपरेशन हाडांचे सर्जन करतात. पण ऑपरेशनच्या आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष मूल माझ्याच खोलीत असतं. तिथं जे पाहिलं, त्यावरून लिहिते आहे.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. सातव्या महिन्यात झाला, काचेच्या पेटीत ठेवला होता. सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय ताठ. चार वर्षांचा झाल्यावर चालायला लागला. आता एकटा चालतो, पण दोन्ही पाय आत पडतात, गुडघ्याला गुडघा घासतो आणि शाळेत दिवसातून पाच-सहा वेळा तरी पडतो. ‘पाय सरळ टाक’ म्हटलं की तेवढ्यापुरता टाकतो, परत आत. सासरे तालमीत वस्ताद होते, ते रोज तेल लावून पाय बाहेरच्या बाजूला पिळतात. आता सर्जन म्हणतात, दोन्ही मांड्यांची हाडं कापून फिरवावी लागतील. ऐकून पोटात गोळा आला. दोष मेंदूचा, मग हाड का कापायचं? व्यायामानं होणार नाही का? – एक आई, गारगोटी

उत्तर: ताई, बाकी सगळं सावकाश ठरवा, पण एक गोष्ट आजपासून बंद करा. ‘पाय सरळ टाक’ हे म्हणणं. तुमच्या मुलाला ती सवय लागलेली नाही आणि तो लक्ष देत नाही असंही नाही. त्याच्या मांडीचं हाडच पिळलेलं आहे.

दोष मेंदूचा, मग हाड का, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. मेंदूला जन्माच्या सुमारास जी इजा झाली ती तिथंच थांबली, ती वाढत नाही. पण मूल वाढतं, आणि ताठ स्नायूंच्या ओढीखाली हाडं वाढतात. प्रत्येक बाळाच्या मांडीच्या हाडाला जन्मतः पीळ असतोच. खुब्याच्या गोळ्याकडे जाणारी हाडाची मान गुडघ्याच्या तुलनेत सुमारे ४० अंश पुढे वळलेली असते. मूल वर्षाचं होतं, उभं राहतं, पळतं, उड्या मारतं, तसतसा हा पीळ उलगडत जातो आणि मोठेपणी १५ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. तुमचा मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत पायावर उभाच राहिला नाही, आणि उभा राहिला तेव्हा स्नायू ताठ होते. पीळ उलगडायचा राहूनच गेला. आता खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसवायचा तर त्याला अख्खा पाय आत वळवावा लागतो. म्हणजे तो चालतो ते त्याच्या हाडाच्या मानानं बरोबरच चालतो.

पाय आत पडणं नुसतं दिसायला वाईट असतं तर मी ऑपरेशनबद्दल एक ओळही लिहिली नसती. पण त्यात ताकद वाया जाते. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पान्याचा दांडा पिळवटलेला असेल तर माणूस कितीही दमदार असला तरी नट नीट सुटत नाही. मांडीचं हाड हा खुब्याच्या स्नायूंचा दांडा आहे. आधीच कमजोर असलेल्या स्नायूंना वाकडा दांडा मिळाला की मूल लवकर दमतं, पाय ओढतं, आणि पुढचं पाऊल मागच्या पायात अडकून पडतं. माझ्याकडे मूल येतं तेव्हा पायाआधी मी त्याची चप्पल हातात घेते. चप्पल तीन महिन्यांची असते, टाच नवी कोरी असते आणि अंगठ्याखालचं टोक झिजून पार कागदासारखं झालेलं असतं.

घरी बघायचं असेल तर मुलाला सतरंजीवर पालथं झोपवा. गुडघे काटकोनात वाकवा, तळवे छताकडे. आता दोन्ही पावलं एकमेकांपासून लांब, बाहेरच्या बाजूला अलगद पडू द्या. दिसायला उलटं वाटेल, पण पाऊल असं बाहेर पडतं तेव्हा खुबा आत वळत असतो. पीळ जास्त असेल तर नडगी जवळजवळ सतरंजीला टेकते. मग एकेक पाय उलट्या दिशेनं, दुसऱ्या पायाकडे न्या. थोडा जाईल आणि अडेल. जोर लावू नका, जिथं अडलं तिथं सोडा. ही मुलं दोन्ही पाय मागे टाकून आरामात बसतात, पण शाळेत पंगतीला मांडी घालायची म्हटली की कलंडतात, त्याचं कारणही हेच. सर्जन हेच बघतात, फक्त मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर तळहात ठेवून अंश मोजतात, आणि गरज वाटली तर सीटी स्कॅन काढून खात्री करतात.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीला लागून दोन-तीनच वर्षं झाली होती. एक नऊ वर्षांची मुलगी आठवड्यातून तीनदा यायची. तिचा पाय असाच आत पडायचा आणि मी जवळजवळ दोन वर्षं तिच्याकडून जमिनीवरच्या पट्टीवर ‘सरळ’ चालायचा सराव करून घेतला. ती माझ्यासमोर श्वास रोखून, ओठ दाताखाली धरून सहा-सात पावलं सरळ टाकायची. मी शाबास म्हणायची. दाराबाहेर पडली की पाय परत आत. एके दिवशी तिची आई सहज बोलून गेली, की घरी पाय आत पडला की वडील पट्टीनं मारतात, कारण मॅडमसमोर तिला जमतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पालथं झोपवून खुबा तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि मी ती दोन वर्षांत काढली नव्हती. पुढे तिचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण तिनं खाल्लेला मार काही परत घेता आला नाही. म्हणून पहिल्याच ओळीत ते सांगितलं.

व्यायामानं स्नायूंची ताकद वाढते, सांधे मोकळे राहतात, तोल सुधारतो. हाडाचा पीळ व्यायामानं जात नाही. स्प्लिंटनं (पायाला आधार देणाऱ्या साच्यानं) जात नाही, पट्टे बांधून जात नाही, बोटॉक्सच्या इंजेक्शननंही जात नाही. ते इंजेक्शन स्नायूचा ताठरपणा काही महिने कमी करतं, हाडाला त्याचं काही नाही. कुणी मशीननं किंवा मालिशनं हाड सरळ करतो म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

यावरून तुमच्या सासऱ्यांकडे येते. वस्ताद, तेल लावा, अंग गरम होतं, मुलाला बरं वाटतं, आजोबांच्या हाताची माया कळते. पण पाऊल धरून पाय पिळू नका. तो जोर मांडीच्या हाडापर्यंत पोचतच नाही, मधे गुडघा आणि घोटा आहेत, ते सैल होतात. तुमची विद्या मला दुसरीकडे हवी आहे. ऑपरेशनच्या आधीचे चार-सहा महिने नातवाची ताकद वाढवा. पाटावर बसवून हात न टेकता उठबस, दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवस आड. जमायला लागलं की पाठीवर किलोभर वजनाचं दप्तर. घराच्या पायऱ्या चढ-उतार. कुशीवर झोपवून वरचा पाय सरळ उचलणं. जितकी ताकद घेऊन पोरगं टेबलावर जाईल तितकं ते लवकर उठेल, हे तालमीतल्या माणसाला मी सांगायला नको.

ऑपरेशनमध्ये काय करतात ते नीट समजून घ्या, म्हणजे पोटातला गोळा थोडा सुटेल. भूल दिल्यावर मांडीचं हाड खुब्याजवळ किंवा गुडघ्याच्या वर आडवं कापतात. कापायच्या रेघेच्या वर आणि खाली एकेक बारीक तार हाडात बसवलेली असते. खालचा भाग बाहेर फिरवताना त्या दोन तारांमधला कोन बघून किती फिरलं ते मोजतात. मग प्लेट आणि स्क्रू लावून हाड पक्कं करतात. मुलांचं हाड साधारण दीड-दोन महिन्यांत भरून येतं. प्लेट बऱ्याचदा वर्षभरानं काढतात, ते ऑपरेशन छोटं असतं.

सर्जनना एक प्रश्न नक्की विचारा, ‘नडगीचं काय?’ पुष्कळ मुलांत मांडीचं हाड आत आणि नडगीचं हाड बाहेर असा दुहेरी पीळ असतो. पाऊल बघावं तर सरळ, आणि गुडघ्याच्या वाट्या मात्र एकमेकींकडे तोंड करून. अशा मुलाची फक्त मांडी फिरवली की पाऊल भलतंच बाहेर जातं. गुडघ्यामागच्या शिरा आखडल्या आहेत का, पोटरी आखूड आहे का, पाऊल सपाट पडलंय का, हे सगळं एकदम तपासून जे लागेल ते एकाच वेळी करायचं, अशी आताची पद्धत आहे. पूर्वी एका वर्षी टाच, पुढच्या वर्षी गुडघा, त्याच्या पुढच्या वर्षी खुबा असं चालायचं. टोरांटोचे सर्जन मर्सर रँग त्याला ‘वाढदिवसाचा आजार’ म्हणायचे, कारण मुलाचा प्रत्येक वाढदिवस प्लास्टरमध्ये जायचा. आपल्याकडेही मी अशी मुलं पाहिली आहेत. एकदाच पण पूर्ण, याच बाजूनं माझं मत आहे.

वय आठ हे योग्य आहे. फार लहानपणी केलं तर वाढीबरोबर पीळ थोडा परत येऊ शकतो. आणि घाई नाही. हे अपेंडिक्सचं ऑपरेशन नव्हे. गारगोटीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. वॉकर घेऊन नव्यानं चालायला शिकायचे महिने निसरड्या अंगणात जायला नकोत, म्हणून मी नेहमी दिवाळीनंतरची तारीख घ्यायला सांगते. शाळेचं एक सत्र जाईल, जाऊ दे.

सर्जनकडे जाताना मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा. चालण्याचं संगणकावर मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे मोजक्याच आहेत. पण मूल अनवाणी, हाफ पँट वर दुमडलेली, मोबाइल मुलाच्या कमरेच्या उंचीवर स्थिर धरलेला, आणि समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी दहा-दहा पावलं, एवढं जरी असलं तरी सर्जनला खूप दिसतं. दवाखान्यात नवख्या माणसांसमोर मूल नेहमीसारखं चालत नाही. फिट येत असेल आणि गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ऑपरेशनच्या सकाळचा डोस उपाशीपोटी म्हणून परस्पर चुकवू नका, कसा द्यायचा ते तेच सांगतील.

खर्चाचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत या मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. महात्मा जोतिराव फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

ऑपरेशननं सेरेब्रल पाल्सी जाणार नाही. ताठरपणा राहील, तोल थोडा कच्चाच राहील. गुडघे एकमेकांवर घासणार नाहीत, पडणं कमी होईल, दम कमी लागेल. एवढ्यासाठी एक वर्ष द्यायचं का, हे तुम्ही ठरवा, आणि आठ वर्षांच्या मुलालाही त्याच्या भाषेत सांगून विचारा. पाय त्याचे आहेत.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची. अकरा आठवड्यांपूर्वी दोन्ही मांड्या आणि उजव्या नडगीचं ऑपरेशन झालं. आधी भिंतीला धरून घरभर फिरायची. आता धड उभीही राहत नाही. व्यायामाला घेतलं की रडते. घरातले म्हणतात, होतं ते पण घालवलं. आमचं चुकलं का? – एक वडील, इचलकरंजी

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ही गोष्ट तुम्हाला ऑपरेशनच्या आधी बसवून सांगायला हवी होती. ती कुणी सांगितली नसेल तर तो दोष तुमचा नाही.

तिसऱ्या महिन्यात मूल आधीपेक्षा मागे गेलेलं असतं. हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत होतं. दीड-दोन महिने पाय वापरात नव्हते, मांडीचे स्नायू दोरीसारखे बारीक झालेले असतील. शिवाय दहा वर्षं मेंदूनं जे पाय ओळखले होते ते आता दुसऱ्या दिशेला तोंड करून आहेत. तिला उभं राहताना ‘हे माझे पाय नव्हेत’ असं वाटत असणार. एका मुलीनं मला हेच शब्द सांगितले होते. साधारण सहाव्या महिन्याला बहुतेक मुलं पूर्वीच्या पातळीला येतात आणि खरा फायदा वर्षाच्या आसपास दिसतो. घरातल्यांना हे कॅलेंडरवर खूण करून दाखवा.

पण सगळं ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडायचं नाही. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा उजव्या पायाचा पंजा वर उचलता न येणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनना दाखवा. हाड भरल्याचा एक्स-रे झाला आहे ना, हेही विचारा. अंथरुणात राहून हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे व्यायाम देताना हिसका नको.

रडणं दोन प्रकारचं असतं. एक दुखण्याचं, एक भीतीचं. व्यायामाच्या आधी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेलं वेदनेचं औषध द्या. तरी हात लावण्याआधीच रडत असेल तर ती भीती आहे. मग व्यायाम तिच्या आवडीच्या कामात घाला. माझ्याकडची एक मुलगी स्टँडिंग फ्रेममध्ये, म्हणजे उभं राहायला आधार देणाऱ्या चौकटीत, उभं राहायला तयार नव्हती. तिच्या आईनं फ्रेम ओट्याला लावली आणि परात दिली. पोळीची कणीक मळता मळता ती पंचवीस मिनिटं उभी राहिली आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

आणि एक विचारते, तिला जुनेच स्प्लिंट घालताय का? पुष्कळ घरांत ते तसंच होतं, कारण नव्यांना पैसे पडतात. नडगी फिरवलेली आहे. जुना स्प्लिंट जुन्या पायाच्या मापाचा आहे, तो पाऊल परत वाकड्यात ढकलेल. नवीन माप याच आठवड्यात द्या. तिच्या उभं न राहण्यामागं कदाचित एवढंच असेल.

तुमचं चुकलं नाही. एवढ्यात थांबलात मात्र, तर चुकेल.

प्रश्न: नात सहा वर्षांची, मान नीट धरत नाही, आधाराशिवाय बसत नाही. डॉक्टर दर सहा महिन्यांनी खुब्याचा फोटो (एक्स-रे) काढायला सांगतात. पोर चालतच नाही, कधी चालेल असंही नाही, मग फोटो कशाला? उगीच खर्च. – एक आजी, पन्हाळा तालुका

उत्तर: आजी, चालत नाही म्हणूनच काढायचा. ताठ स्नायू आणि उलगडला नसलेला पीळ, दोन्ही मिळून खुब्याचा गोळा हळूहळू खोबणीबाहेर ढकलतात. हालचालींनुसार या मुलांचे पाच स्तर मानतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पहिल्या स्तरातल्या, म्हणजे मोकळं चालणाऱ्या मुलांत खुबा सरकत नाही, आणि पाचव्या स्तरात, तुमच्या नातीसारख्या मुलांत, १०० पैकी ९० जणांचा सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून बाहेरून कळत नाही. कळतं तेव्हा लंगोट बदलतानाही पोर किंचाळतं, मांड्या उघडत नाहीत, कुशीवर झोपवता येत नाही.

गोळ्याचा ३० टक्क्यांहून जास्त भाग खोबणीबाहेर दिसला की हाडांच्या सर्जनना दाखवायचं. तिच्या बाबतीत मांडीचं हाड फिरवायचं ऑपरेशन चालण्यासाठी नसेल. खुबा जागेवर राहावा, तिला न दुखता खुर्चीत बसता यावं, तुम्हाला तिला अंघोळ घालता यावी, यासाठी असेल. वेळेत केलं तर ते त्यातल्या त्यात छोटं असतं. गोळा पूर्ण निसटल्यावर खोबणीचं हाडही कापून बसवावं लागतं.

फोटो काढताना तिला सरळ झोपवून, गुडघे छताकडे ठेवून, दोन्ही खुबे एकाच फिल्ममध्ये घ्यायला सांगा. वाकडी झोपली तर माप चुकतं. आणि जुने फोटो टाकू नका, सगळे एका पिशवीत तारखेनुसार ठेवा. खुबा किती सरकला हे एका फोटोवरून कळत नाही, दोन शेजारी धरल्यावर कळतं.